निद्रेतील अनैच्छिक हालचाली

निद्रा म्हणजे विश्रांती आणि विश्रांती म्हणजे निश्चलता, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. गाढ झोपलेला माणूस ओंडक्यासारखा पडला आहे, असे आपण सहज म्हणतो. परंतु ज्याला रात्री उशिरापर्यंत जागावे लागते, त्याला आपल्या घरातील निजलेल्या माणसांविषयी विचारले, तर तो निराळीच हकीकत सांगेल. कोणी डोळा लागतो न लागतो तोच दचकतो. कोणी रात्रभर पाय झाडतो. एखादे मूल झोपेतच उठून चार पावले चालते. एखादे आजोबा पहाटेच्या सुमारास मोठ्याने ओरडून हवेत ठोसे मारू लागतात. सकाळी विचारले, तर यांपैकी बहुतेकांना आपण काय केले हे ठाऊकही नसते.

अशा हालचाली इच्छेवाचून घडतात, म्हणून त्यांना अनैच्छिक हालचाली म्हणतात. त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी आहेत. काही साध्या उपचाराने कमी होतात. एक प्रकार मात्र असा आहे की, तो पुढे कित्येक वर्षांनी प्रकट होणाऱ्या गंभीर आजाराची पूर्वसूचना असू शकतो. हे भेद ओळखावयाचे, तर झोपेत शरीराला स्थिर ठेवते कोण, हे प्रथम पाहिले पाहिजे.

झोपेचे दोन प्रकार

झोप ही एकजिनसी अवस्था नाही, हे ज्ञान फार जुने नाही. जर्मनीतील येना येथील वैद्य हान्स बेर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूतील सूक्ष्म विद्युत्-लहरी डोक्याच्या कवटीवरून नोंदविण्यात यश मिळविले व १९२९ मध्ये आपले संशोधन प्रसिद्ध केले. झोपलेल्या माणसाला न उठविता त्याच्या मेंदूत काय चालले आहे, हे पाहण्याची खिडकी त्यामुळे उघडली. माणूस झोपेत जसजसा खोल उतरतो, तसतशा या लहरी संथ व उंच होत जातात, असे पुढे आढळून आले.

१९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातील यूजीन अ‍ॅसेरिन्स्की व त्यांचे गुरू नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी एक अनपेक्षित गोष्ट जाहीर केली. झोपलेल्या माणसाची बुबुळे मिटलेल्या पापण्यांआड अधूनमधून झपाट्याने इकडून तिकडे फिरतात, आणि त्या वेळी त्याला जागे केले, तर तो बहुधा स्वप्न पडत होते असे सांगतो! त्या काळात मेंदूच्या लहरीही जागृतावस्थेतील लहरींसारख्या जलद होतात. या अवस्थेला 'शीघ्र नेत्रचलन निद्रा' असे नाव मिळाले. स्वप्ने इतर वेळीही पडतात; परंतु ठळक, घटनांनी भरलेली स्वप्ने मुख्यतः याच अवस्थेत पडतात. म्हणून सोयीसाठी आपण तिला 'स्वप्ननिद्रा' व उरलेल्या झोपेला 'संथ निद्रा' म्हणू.

प्रौढ माणसाच्या झोपेत या दोन अवस्थांचे फेरे सुमारे दीड-दीड तासाने येतात. रात्रीच्या पूर्वार्धात खोल संथ निद्रा अधिक असते. उत्तररात्री स्वप्ननिद्रेचा वाटा वाढतो. एकूण झोपेचा सुमारे चौथा किंवा पाचवा हिस्सा स्वप्ननिद्रेचा असतो. रात्रीची ही वाटणी वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण कोणती हालचाल कोणत्या वेळी होते, यावरून तिचे स्वरूप पुष्कळसे कळते.

स्नायूंचा लगाम

येथे एक प्रश्न उद्भवतो. स्वप्नात आपण धावतो, पोहतो, भांडतो. मेंदू त्या वेळी जागेपणीच्याच जोमाने काम करीत असतो. असे असताना आपले पाय खरोखरच का धावत नाहीत?

याचे उत्तर फ्रान्समधील लियों येथील मिशेल जूव्हे यांनी १९५९ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. मांजराच्या मेंदूत स्वप्ननिद्रेच्या लहरी उमटू लागताच त्याच्या मानेच्या स्नायूंतील विद्युत्-क्रिया पूर्णपणे थांबते. मेंदू जागा, परंतु स्नायू लुळे, अशी ही विलक्षण स्थिती होय. म्हणून जूव्हे यांनी तिला 'विरोधाभासी निद्रा' म्हटले. मोटारीचे एंजिन जोरात चालू असावे, परंतु चाकांशी असलेला त्याचा संबंध तात्पुरता तोडलेला असावा, तसाच हा प्रकार आहे.

हा संबंध तोडण्याचे काम मेंदूच्या देठाकडे, म्हणजे मस्तिष्कस्तंभाकडे असते. मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा हा भाग अंगठ्याएवढाच असतो. त्यातील काही पेशीसमूह स्वप्ननिद्रेच्या काळात कामास लागतात आणि त्यांच्या आज्ञेने मज्जारज्जूमधील स्नायूंना चालना देणाऱ्या पेशींवर ग्लायसीन व गॅबा ही दमनकारी रसायने सोडली जातात. त्या पेशी गप्प होतात व स्नायू सैल पडतात. डोळे हलविणारे स्नायू आणि श्वासपटल यांना मात्र या लगामातून सूट असते. म्हणूनच स्वप्नात बुबुळे फिरतात व श्वासोच्छ्वासही अखंड चालतो. झोपेतील निश्चलता ही आळसाने आलेली नसून, ती मेंदूने श्रमपूर्वक राखलेली असते, हा या सर्व संशोधनाचा गाभा आहे.

हा लगाम कधीकधी सुटावयास उशीर होतो. माणूस जागा होतो, डोळे उघडतो, खोली ओळखतो. परंतु हातपाय हलविता येत नाहीत, छातीवर कोणीतरी बसल्यासारखे वाटते आणि तोंडून शब्द फुटत नाही. अनेक देशांतील लोकसमजुतींत हा भुताचा किंवा चेटकिणीचा प्रताप मानला गेला आहे. वस्तुतः स्वप्ननिद्रेचा लगाम जागृतीच्या पहिल्या काही क्षणांत शिल्लक राहिला, इतकेच घडलेले असते. थोड्याच वेळात तो आपोआप सुटतो व कोणतीही इजा होत नाही.

उंबरठ्यावरचा दचका

झोपेतील हालचालींपैकी सर्वांत परिचित म्हणजे डोळा लागताना बसणारा दचका. पायरी चुकल्यासारखे किंवा उंचावरून पडल्यासारखे वाटते आणि सर्व अंगाला एकच झटका बसून माणूस जागा होतो. जागृतीची यंत्रणा माघार घेत असताना व निद्रेची यंत्रणा ताबा घेत असताना मस्तिष्कस्तंभातून निघालेला एक क्षणिक आवेग स्नायूंपर्यंत पोहोचतो, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. अतिश्रम, जागरण, चिंता आणि संध्याकाळनंतर घेतलेला कडक चहा किंवा कॉफी यांमुळे असे दचके वाढतात. तो रोग नव्हे. निरोगी माणसांपैकी बहुतेकांना तो केव्हा ना केव्हा अनुभवास येतो.

तान्ह्या मुलाच्या झोपेतील बारीक हालचालीही अशाच निरुपद्रवी असतात. नवजात बालकाच्या झोपेचा जवळजवळ निम्मा भाग स्वप्ननिद्रेसारख्या चंचल अवस्थेचा असतो. त्या वेळी त्याची बोटे, ओठ व पापण्या क्षणोक्षणी थरथरतात. उंदरांच्या पिलांवर झालेल्या संशोधनावरून असे दिसते की, प्रत्येक बारीक झटक्याची वर्दी अवयवाकडून मेंदूकडे जाते आणि त्या वर्दीच्या आधारे वाढता मेंदू आपल्या शरीराचा नकाशा तयार करतो. असे असेल, तर पाळण्यात हसणारे आणि बोटे हलविणारे मूल झोपेतही एक धडाच गिरवीत असते, असे म्हणावे लागेल.

पायांची अस्वस्थता

काही माणसांचे पाय संथ निद्रेत ठराविक कालांतराने हलतात. पायाचा अंगठा वर उचलला जातो, घोटा वाकतो, कधी गुडघाही दुमडतो, आणि पाय पुन्हा सैल पडतो. ही क्रिया बहुधा दर २० ते ४० सेकंदांनी अशी नियमितपणे होत राहते की, जणू कोणी घड्याळच लावले आहे. झोपणाऱ्याला याचा पत्ता नसतो. शेजारी निजणाऱ्याला मात्र लाथा बसतात.

या हालचालींचा एका जुन्या विकाराशी निकट संबंध आहे. संध्याकाळी व रात्री स्वस्थ बसले किंवा पडले असता पोटऱ्यांत मुंग्या चालल्यासारखे वाटते, पाय हलविल्यावाचून राहवत नाही आणि चालू लागताच बरे वाटते. इंग्लंडमधील वैद्य टॉमस विलिस यांनी सतराव्या शतकातच या विकाराचे वर्णन केले होते. स्वीडनमधील कार्ल-आक्सेल एकबॉम यांनी १९४५ मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. हा विकार असलेल्या दहांपैकी आठांहून अधिक माणसांत झोपेतही पाय हलताना आढळतात.

शरीरातील लोहाची उणीव हे या विकाराचे एक महत्त्वाचे कारण आहे. मेंदूला डोपामीन नावाचे द्रव्य तयार करण्यासाठी लोह लागते, आणि डोपामीनचा तोल बिघडला की पाय अस्वस्थ होतात. आपल्या देशाच्या दृष्टीने ही गोष्ट उपेक्षणीय नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. परंतु लोहाची कमतरता हे त्यांतील प्रमुख होय. गर्भवती स्त्रियांना तर हा त्रास विशेष होतो. रात्री मुलांकडून पाय चेपून घेणाऱ्या आईचा थकवा नेहमीच दिवसभराच्या कष्टांचा नसतो. रक्ताची साधी तपासणी करून लोहाचा साठा पाहणे हे तेथे खरे साहाय्य ठरते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास अन्नातील लोह कमी शोषले जाते आणि लिंबू पिळल्यास अधिक शोषले जाते, हेही सांगण्याजोगे आहे. लोहाच्या गोळ्या मात्र वैद्याच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

निद्राभ्रमण

झोपेत चालण्याचा प्रकार शाळकरी वयाच्या मुलांत अधिक दिसतो. पुष्कळांचा असा ग्रह आहे की, असे मूल स्वप्नाप्रमाणे वागत असते. परंतु निद्राभ्रमण सुरू होते ते खोल संथ निद्रेतून, आणि म्हणूनच ते बहुधा रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्शात घडते. अशा वेळी मेंदू सर्वस्वी झोपलेला नसतो आणि सर्वस्वी जागाही नसतो. चालण्याफिरण्याची केंद्रे जागी झालेली असतात. विवेकाची व स्मृतीची केंद्रे निजलेली राहतात. मुलाचे डोळे उघडे असतात, परंतु ते आपल्याला ओळखत नाही.

हा प्रकार पुष्कळदा कुटुंबातच चालत आलेला असतो. अपुरी झोप व ताप यांमुळे तो बळावतो. वयात येताना तो बहुधा आपोआप थांबतो. असे मूल चालताना दिसले, तर त्याला गदागदा हलवून जागे करू नये. हळूच हाताला धरून अंथरुणाकडे न्यावे. जिन्याचे दार, गच्ची व स्वयंपाकघर रात्री बंद ठेवावे. त्याला बाधा झाली आहे असे समजून अंगारे-धुपारे करणे किंवा शिक्षा करणे यांत मुलाचे अहितच आहे.

लगाम सुटला म्हणजे

आता ज्या प्रकाराचा उल्लेख आपण प्रारंभी केला, त्याकडे वळू. जूव्हे यांनी १९६५ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मांजराच्या मस्तिष्कस्तंभातील एका लहानशा जागेला इजा केली असता ते मांजर स्वप्ननिद्रेत निश्चल राहीना. ते झोपेतच उठे, दिसत नसलेल्या भक्ष्याचा पाठलाग करी, पंजे मारी. मात्र समोर ठेवलेल्या खऱ्या अन्नाकडे त्याचे लक्ष नसे. लगामाची दोरी तोडली गेली होती.

असा प्रकार माणसांतही घडतो, हे ओळखले जाण्यास आणखी दोन दशके लोटावी लागली. अमेरिकेतील मिनियापोलिस येथील कार्लोस शेंक व मार्क महोवाल्ड यांनी १९८६ मध्ये पाच वयस्क रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ही माणसे झोपेत ओरडत, ठोसे मारीत, पलंगावरून उड्या घेत. जागे करताच ती तत्काळ भानावर येत आणि जे स्वप्न सांगत, ते त्यांच्या हालचालींशी जुळे. कोणी हल्लेखोराला हुसकावीत असे, कोणी खेळाच्या मैदानावर असे. दिवसा ही माणसे शांत स्वभावाची असत. रात्रभर घेतलेल्या नोंदींत दिसून आले की, त्यांचे स्नायू स्वप्ननिद्रेत सैल पडतच नव्हते.

याच वैद्यांनी आपल्या रुग्णांची प्रकृती पुढेही वर्षानुवर्षे पाहिली. १९९६ मध्ये त्यांनी असे प्रसिद्ध केले की, पन्नाशी उलटलेल्या अशा २९ पुरुषांपैकी ११ जणांना पुढे कंपवातासारखा विकार जडला होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अनेक देशांतील २४ केंद्रांवरील १,२८० रुग्णांचा समावेश होता. त्यात बारा वर्षांच्या अखेरीस सुमारे ७३ टक्के रुग्णांत कंपवात किंवा त्याच्याच गोत्राचा स्मृतिभ्रंश उद्भवेल, असे प्रमाण निघाले.

इंग्रज वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये वर्णिलेल्या कंपवातात मेंदूच्या पेशींत अल्फा-सिन्युक्लीन या प्रथिनाच्या गुठळ्या साठतात. जर्मनीतील हाइको ब्राक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये असे मत मांडले की, ही विकृती अनेक रुग्णांत मस्तिष्कस्तंभाच्या खालच्या भागात प्रथम दिसते व पुढे वर चढत जाते. झोपेचा लगाम धरणाऱ्या पेशी याच वाटेवर आहेत. हाताला कंप आणणारे केंद्र त्यांच्या वर आहे. म्हणजे खालच्या मजल्याला लागलेली वाळवी वरच्या मजल्यावर पोहोचण्यापूर्वीच स्वप्नांतील ठोशांनी तिची वर्दी दिलेली असते.

परंतु या माहितीने कोणी घाबरून जाऊ नये. वरील आकडे तज्ज्ञांनी तपासून निश्चित केलेल्या रुग्णांचे आहेत. एखाद्या रात्री झोपेत बरळणाऱ्याला ते लागू पडत नाहीत. नैराश्यावरील काही औषधांमुळेही असा प्रकार उद्भवतो. झोपेत श्वास अडणाऱ्या, मोठ्याने घोरणाऱ्या माणसाची धडपडही बाहेरून अशीच दिसते. तसेच वर सांगितलेली पायांची अस्वस्थता ही कंपवाताची पायरी नव्हे. खात्री करून घेण्याचा मार्ग एकच आहे : निद्रातज्ज्ञाकडून रात्रभर मेंदू, डोळे, हनुवटीचे स्नायू, पाय व श्वास यांची एकत्र नोंद घेणे.

चार प्रश्न

ज्याला हा त्रास होतो, तो स्वतः झोपलेला असतो. म्हणून वैद्याला खरा उपयोग होतो तो घरच्या माणसांच्या निरीक्षणाचा. त्यांनी चार प्रश्नांची उत्तरे टिपून ठेवावीत.

पहिला प्रश्न, हालचाल केव्हा झाली? डोळा लागताना झाली असेल, तर ती बहुधा साधा दचका. पूर्वरात्री उठून चालणे हे बहुधा निद्राभ्रमण. उत्तररात्रीचे ठोसे व आरोळ्या यांचा संबंध स्वप्ननिद्रेशी असण्याचा संभव अधिक.

दुसरा प्रश्न, डोळे उघडे होते की मिटलेले? झोपेत चालणाऱ्याचे डोळे उघडे असतात. स्वप्नात झुंजणाऱ्याचे बहुधा मिटलेले असतात.

तिसरा प्रश्न, जागे केल्यावर काय झाले? पहिला गोंधळलेला असतो. दुसरा चटकन भानावर येऊन स्वप्न सांगतो.

चौथा प्रश्न, दर वेळी हुबेहूब तीच हालचाल होते काय? तसे होत असेल, ती थोडाच वेळ टिकून एकाच रात्री अनेकदा येत असेल, किंवा जीभ चावली जात असेल व अंथरुणात लघवी होत असेल, तर तो अपस्माराचा झटका असू शकतो. अशा रुग्णाला विनाविलंब वैद्याकडे न्यावे. अपस्मारावर उपचार आहेत.

पन्नाशीनंतर जो स्वप्नात वारंवार हातपाय झाडतो, त्याने मेंदूविकारतज्ज्ञाचा सल्ला अवश्य घ्यावा. तोवर त्याचे अंथरूण जमिनीवर घालावे, जवळपास काच, दिवा किंवा टोकदार वस्तू ठेवू नये आणि शेजारी निजणाऱ्याने काही दिवस वेगळे झोपावे. या हालचालींना आवर घालणारी औषधे उपलब्ध आहेत. मूळ विकृतीला थोपविणारे औषध अद्याप सापडलेले नाही. परंतु कंप सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधी ज्यांची ओळख पटते, अशा या रुग्णांच्या साहाय्यानेच त्याचा शोध चालू आहे. उपाय सापडेल तेव्हा तो वेळेवर पोहोचण्याचा संभव अशांच्याच बाबतीत सर्वांत अधिक आहे.

निरीक्षणासाठी

विद्यार्थ्यांनी घरातील झोपलेल्या मांजराचे किंवा कुत्र्याचे अर्धा-पाऊण तास लांबून, स्पर्श न करता निरीक्षण करावे. श्वास प्रथम संथ व नियमित असतो. काही वेळाने तो अनियमित होतो, मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळे फिरू लागतात, मिशा व पंजांची टोके थरथरतात. परंतु मान व पाठ अगदी सैल असतात. या बदलांच्या वेळा वहीत लिहून काढाव्यात. पंजाची टोके हलतात, पण पाय धावत नाहीत, हे ज्याने स्वतः पाहिले, त्याला स्नायूंचा लगाम म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागणार नाही.